नव्वद किलो

"हा दुसरा फोर्क गेला! कसला तकलादू माल देतोस रे?" पीटीच्या सरांनी माउंटन बाइकचा वाकलेला फोर्क काउंटरवर आदळला.

पुढचं चाक धरून हादरे पचवणारा तो फोर्क दुकानदार शकीलने उलटसुलट करून पाहिला. नव्वद किलोच्या माणसाखाली असा फोर्क वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाही; मग हा चार महिन्यांत वाकलाच कसा? हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडेना.

"वजन नव्वदच ना, सर?"

"कितीदा विचारशील? नव्वद!"

शकीलने दुकानातल्या सायकलच्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या फोर्कमध्ये नव्वद किलोच्या अंदाजाने हवा भरली आणि नळीवरची रबरी कडी तळाशी सरकवली. "बसा. फोर्क जेवढा दबेल, तेवढी कडी वर जाईल. पाव नळी गेली की हवा बरोबर."

सर बसले, उतरले. कडी पार अर्ध्यावर गेली होती. शकील हवा वाढवत, सरांना पुन्हा पुन्हा बसवत राहिला. चौथ्या खेपेला कडी पावावर थांबली. त्याने पंपाचा काटा पाहिला, मग फोर्कवर चिकटवलेला, किती वजनाला किती हवा ते सांगणारा तक्ता.

तक्ता सरांनीही वाचला. मैदानभर घुमणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला. "एकशे अठरा. पोरांना व्यायाम शिकवतो रे मी, कुणाला कसं सांगू?"

शकीलने फळीवरून जाड नळ्यांचा फोर्क काढला. "हा सव्वाशे किलोला पुरून उरेल. पण आधीचे दोघं तकलादू नव्हते, सर. झेपत नसतानाही तुमचं गुपित सांभाळत होते बिचारे."