अर्धं ताट

ताई आधी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बारकी बाहेर बाकावर बसून हातातल्या रुमालाला पीळ देत राहिली.

दोघी बहिणींनी महिन्यापूर्वी इथेच तपासणीसाठी रक्त दिलं होतं. आई पोटाच्या कॅन्सरने गेली होती. तिच्याआधी मामा, त्याच्याआधी आजी. घरात सगळे म्हणायचे, आपल्याकडे पोटंच नाजूक. डॉक्टरीणबाईंनी मात्र सांगितलं, की हे एका बिघडलेल्या जनुकाचं काम आहे. ते आईकडून किंवा बापाकडून मुलांकडे उतरतं. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी.

"हे तुम्हाला कसं कळलं?" बारकीने तेव्हा विचारलं होतं.

"तुमच्यासारख्याच घरांमधून. ज्यांची माणसं गेली, त्यांनी आम्हाला रक्त दिलं, कोण कशाने गेलं ते आठवून सांगितलं. त्यांची माणसं काही परत आली नाहीत. पण तुम्ही आजारी पडायच्या आधी इथे बसला आहात."

ताई बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय म्हणाल्या?"

"तू जाऊन ये आधी."

बारकी आत गेली आणि भिंतीचा आधार घेत बाहेर आली. ताईने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग तिचा हात स्वतःच्या हातात घेतला.

"माझंही तेच आलंय, बारके."

उपाय एकच होता. हा कॅन्सर जठराच्या अस्तराखाली लपून वाढतो, दुर्बिणीलाही वेळेत सापडत नाही. म्हणून तो सुरू व्हायच्या आतच अख्खं जठर काढून टाकायचं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडायची. मग जन्मभर थोडं थोडं खायचं आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घ्यायची.

बारकीने साफ नकार दिला.

"काही होत नसताना पोट फाडून घेऊ? आई त्या टेबलावर गेली, ती परत आईसारखी आलीच नाही. मरायचं तेव्हा मरेन."

ताईने समजावलं, अबोला धरला, पुन्हा समजावलं. बारकी जागची हलेना. ती बेकरीत केकवर नक्षी काढायची. दिवसभर साखरेची फुलं करायची आणि घरी आली की विषय निघायच्या आत दार लावून घ्यायची.

शेवटी एका सकाळी ताई दाराबाहेरूनच म्हणाली, "मी आधी जाऊन येते. मी धड परत आले तर जाशील?"

 बारकी आतून म्हणाली, "आलीस तर."

ताई मावशीच्या गावी गेली. तिथल्या हॉस्पिटलात सोय झाली होती. बारकीने बॅग भरायला घेतली तर ताई हसली. "तू कशाला? हॉस्पिटलचं फाटक दिसलं की तुझे पाय गळतात. मी मला सांभाळू की तुला?" मावशी रोज फोन करायची. आज उठून बसली, आज चार पावलं चालली, आज पेज घेतली.

परत आली तेव्हा ताईचे गाल बसले होते, कपडे अंगावर लोंबत होते. बारकीला तिच्याकडे बघवेना. ताई म्हणजे खाण्यावर जीव असलेली बाई. चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासतासुद्धा तिचं तोंड चालू असायचं. बारकीने मोडका केक आणला की कागद चाटूनपुसून ठेवायची. आता ती वाटीभर भात घेऊन बसली होती आणि एकेक शीत मोजल्यासारखं खात होती.

"त्रास होतो का गं?"

"भूक लागते. बाकी काही नाही." ताईने चमचा खाली ठेवला. "मरत नाही माणूस. बघ ना माझ्याकडे."

पुढच्याच महिन्यात बारकीचं ऑपरेशन झालं. काढलेलं जठर तपासलं, तर त्यात कॅन्सरचे बारीक ठिपके सुरू झालेले होते. "अजून वर्षभर थांबला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. ताई व्हरांड्यात इतक्या मोठ्याने रडली, की नर्सला वाटलं कोणी गेलं.

मग दोघींची तीच तऱ्हा झाली. दोघींत मिळून एक ताट, तेही अर्धं. सुरुवातीला बारकीला घास उतरायचा नाही. ताई समोर बसून आपला घास तितक्याच सावकाश चावायची. "मला तर हल्ली भूकच लागत नाही," बारकी म्हणायची. ताई म्हणायची, "प्रत्येकाचं वेगळं असतं." बारकीच्या इंजेक्शनाला ती सोबत जायची. स्वतःचं दुकानाजवळ घेऊन यायची.

बारकीचं लग्न झालं, मुलगी झाली. ताई शेजारच्याच गल्लीत राहायची, जेवायला मात्र रोज इथेच. वाढताना बारकीचा नवरा गमतीने म्हणायचा, "ताई, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते." ताई हसायची आणि पुढे आलेला भाताचा डाव हाताने मागे सारायची. मुलगी सज्ञान झाली की तिची तपासणी करायची होती. "मी नेईन तिला," ताई म्हणायची. "तू पुन्हा पाय गाळून बसशील."

ते राहून गेलं. एका दुपारी दुकानातून निघालेल्या ताईला रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं. डोक्याला मार बसला होता. बारकी हॉस्पिटलात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

"घरचे कपडे आणलेत ना?" नर्सने हळूच विचारलं. "मी घालते. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

"नाही," बारकी म्हणाली. "मीच घालते."

तिने कोमट पाण्यात कापड पिळलं. ताईचा चेहरा पुसला, गळा पुसला, काडीसारखे झालेले हात पुसले. मग तिने अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली घेतली. बारकीच्या स्वतःच्या पोटावर छातीपासून बेंबीपर्यंत टाक्यांची जाड दोरी होती. इतकी वर्षं झाली तरी थंडीत ती ओढ देत असे. ताईच्या पोटावर एकही टाका नव्हता.