वाचलाय कोणी?

"हा कोड ज्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलाय, त्यांनी हात वर करा," वकीलबाई म्हणाल्या.

टेबलाभोवतीचे सगळे हात वर गेले. टीमच्या प्रमुखाचा सगळ्यात आधी. जाणारच; गेल्याच आठवड्यात त्याने टीममध्ये आलेल्या नव्या बाईंना तो कोड तासभर समजावून सांगितला होता. बिचारीने जांभया दाबत ऐकून घेतला.

कोड म्हणजे नाट्यगृहातल्या खुर्च्या वाटून देणारा एक तुकडा. इंटरनेटवर फुकट मिळाला, म्हणून यांच्या कंपनीने तो आपल्या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला आणि ते सॉफ्टवेअर गावभर विकलं. सोबतची अट वाचायची तेवढी राहिली: हा तुकडा घालून काही विकलंत, तर तुमचाही सगळा कोड जगाला खुला करा. मालकांना घाम फुटला. लेखकाकडून वेगळी परवानगी घ्यावी, तर त्याचं नाव नुसतंच 'डुलकी', आणि मेलला उत्तर नाही. शेवटी तो तुकडा उपटायचा आणि तसाच दुसरा नव्याने लिहायचा असं ठरलं.

"म्हणजे सगळ्यांनी वाचलाय," वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही लिहिलेला नवा कोड नक्कल ठरू शकतो. काम बाहेर द्यावं लागेल. आणि मालक विचारतायत, मग ही टीम तरी कशाला पोसायची?"

एक हात डोकं खाजवायला खाली आला आणि तिथेच रमला. दुसऱ्याला एकदम तहान लागली.

"पूर्ण असा नाही, वरवर चाळलाय," कोणीतरी पुटपुटलं.

"मी तर चाळलाही नाही!" शेजारचा ठासून म्हणाला.

बघता बघता चढाओढच लागली. शेवटी प्रमुखाने घसा खाकरला. "खरं सांगायचं तर, ती फाइल मी कधी उघडलीच नाही." त्याचे कान लाल झाले होते, पण नोकरी वाचल्यामुळे जीव भांड्यात पडला होता.

एकच हात अजून वर होता. नव्या बाईंचा.

"अहो, हात खाली घ्या!" प्रमुख कुजबुजला. "नोकरी जाईल. तुम्ही कुठे वाचलाय? मीच तर समजावला तुम्हाला."

"फार छान समजावलात. बरंच नवीन कळलं," नव्या बाई जांभई देत म्हणाल्या. "पण लिहिताना वाचावाच लागला हो मला."