पिठल्याचा फायदा

वकीलसाहेबांनी चार बोटं वर केली. “अपिलात चार गोष्टी होऊ शकतात, रंगनाथराव. शिक्षा कायम, शिक्षा कमी, खटला पुन्हा, नाहीतर निर्दोष.”

शेजाऱ्याचा बोकड चोरल्याबद्दल तीन महिन्यांची शिक्षा झालेल्या रंगनाथने चौथ्या बोटाकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू दुकानात कापडच पसंत करतोय.

आणि जिल्हा न्यायालयानं त्याला खरंच सोडलं. पेढे घेऊन तो घरी आला आणि लसूण सोलत बसलेल्या बायकोला त्यानं निकालातली ओळ वाचून दाखवली. “संशयाचा फायदा देऊन निर्दोष.”

“म्हणजे संशय आहेच?” गोदावरीनं विचारलं.

“आहे. पण फायदा आपला.”

“अन् त्या दिवशी घरी काय शिजलं होतं, ते कुणी विचारलं का?”

“विचारलं ना. पिठलं म्हणून सांगितलं.”

“अन् मला का नाही बोलावलं साक्षीला?”

“बायकांना कशाला उगीच कोर्टाची पायरी.”

गोदावरीनं अर्धा पेढा मोडून त्याच्या हातावर ठेवला.

“बरं केलंत. त्या पिठल्यातली हाडं परसात मीच पुरली होती.”