मौनातली एक माळ

"आज खडखड थांबली नाही, तर उद्या गाडी भंगारात," म्हणत आप्पांनी जुन्या मोटरसायकलच्या तेलात सफाईच्या औषधाची बाटली रिकामी केली. "दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायची, मग तेल बदलायचं. अगं, घड्याळ बघ."

गोदाताईंचं सोमवारचं मौन होतं. त्यांनी जपमाळच उचलली. त्यांची एक माळ दहा मिनिटांत होते. याच गाडीवरून त्या तान्ह्या लेकीला घरी घेऊन आल्या होत्या. ही गाडी जायला नको होती. ओठांत नाम होतं, पण कान इंजिनाकडे. हे औषध आत नेमकं करतं तरी काय? साठाव्या मण्याला खडखड मऊ झाली की काय?

माळ संपताच त्यांनी हात वर केला. आतला मळ सुटून डांबरासारखं झालेलं तेल काढून आप्पांनी नवं भरलं, पुन्हा किक मारली.

"माझे कान गेलेत. तूच सांग, थांबली का?"

थांबली नव्हती, निम्मी मात्र झाली होती. मान डोलवावी तर व्रताच्या दिवशी खोटं, निम्मी म्हणून खुणवावं तर गाडी गेली.

गोदाताई मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

आप्पांनी गिअर टाकला. मग म्हणाले, "घट्ट धर."