बटणांची डबी

“खरं सांगा मास्तर, परत कधी सुरू केलीत?” डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला.

“घेतलीच नाही,” मास्तर म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, आणि आता तर त्यांनाच आपला आवाज खोटा वाटायला लागला. वीस वर्षं याच आवाजात, याच चेहऱ्याने हेच वाक्य त्यांनी बायकोला ऐकवलं होतं. आज पहिल्यांदा ते खरं होतं आणि कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

दारू सोडून आठ महिने झाले होते. सुरुवातीचे दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस, पण सुईत दोरा ओवायला कारागिराला हाक मारावी लागायची. दुकान बंद केलं की पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. तरी गडी टिकला. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे निम्म्यावर आलेले. लिव्हर भलतं सोशिक असतं, त्याला छळणं थांबवलं की आपणहून भरून येतं, असं डॉक्टरीणबाई तेव्हा कौतुकाने म्हणाल्या होत्या. तो रिपोर्ट मास्तरांनी मापाच्या वहीत जपून ठेवला होता.

आणि आज आकडे चौपट. दारू पीत होते तेव्हाही इतके नव्हते.

लेक भिंतीला टेकून उभी होती. ती बाळंत झाली त्या दिवशी मास्तर झिंगून दवाखान्यात गेले होते आणि सगळ्यांदेखत पाळण्यावर कोलमडले होते. बाळ थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून मास्तरांनी बाटलीला हात लावला नाही आणि लेकीने नातीला त्यांच्या हातात दिलं नाही. आठ महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला तर देईन, असं तिने कबूल केलं होतं. जावई बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. बाळाचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मग खोदून खोदून विचारलं. दुखण्याच्या गोळ्या? कसला काढा, चूर्ण, पावडर? मास्तर मान हलवत राहिले. सकाळी बायकोच्या हातचा चहा, दुपारी डबा, रात्री भाकरी-भाजी, बस. चहाचं नाव घेताना त्या तशा अवस्थेतही त्यांना जरा बरं वाटलं. वीस वर्षं बायको त्यांच्यापुढे कप आदळून निघून जायची. गेले पाच महिने मात्र ती स्वतः ढवळून चहा देत होती आणि कप रिकामा होईपर्यंत समोर बसून राहत होती.

“आई, चल,” लेक म्हणाली. “उगाच आशा लावून बसलो आपण.” तिने दाराच्या कडीला हात घातला.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. निदान ही तरी काही बोलेल. पण ती पर्स छातीशी धरून बसली होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“थांब गं,” ती म्हणाली. तिने पर्स उघडून टेबलावर एक गोल डबी ठेवली. मास्तरांनी ती लगेच ओळखली. त्यांच्याच दुकानातली बटणांची डबी. कित्येक दिवस शोधत होते ते. झाकण काढलं तर आत करड्या रंगाची भुकटी. वास नाकात गेला आणि रोज जिभेवर राहणारा कडवटपणा त्यांना ओळखू आला. दारू सुटल्यामुळे तोंडाची चव बिघडलीय, अशी ते आजवर स्वतःची समजूत घालत होते.

दारू सोडवायची पावडर होती ती. पिणाऱ्याला न सांगता द्यायची, असं जाहिरातीत छापलं होतं. रोज अर्धा चमचा, चहातून.

“पण यांनी तर सोडली होती ना?” डॉक्टरीणबाईंना कळेचना. “रिपोर्टसुद्धा चांगला आला होता.”

“म्हणून तर,” बायको म्हणाली. “आधी दोनदा असंच झालं होतं. रिपोर्ट चांगला आला की हे त्याच आनंदात पिऊन यायचे. या वेळी रिपोर्ट चांगला आला आणि मला धडकीच भरली.”

लेकीचा हात कडीवरून खाली आला. डॉक्टरीणबाईंनी डबीचं झाकण घट्ट लावलं. लिव्हर याही माराने हरायचं नाही, वेळ लागेल पण भरून येईल, असं त्या म्हणाल्या. मग बायकोकडे वळून त्यांनी बजावलं, उद्यापासून तो चहा बंद म्हणजे बंद.

“चहा नका बंद करू मॅडम,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “डबी तुम्ही ठेवून घ्या. पाच महिने मी त्या चहावरच तर टिकलोय.”