बापाची साठ वर्षं

"अब्राहामाने घर सोडलं, तेव्हा त्याचा बाप कुठे होता?" पप्पांनी विचारलं.

रेवदंड्याच्या घरात आता पप्पा आणि त्यांची मुलगी मोझेल, दोघंच उरली होती. दर शनिवारी ज्यूंच्या प्रार्थनागृहातून, सिनेगॉगमधून आलं, की तोरा या धर्मग्रंथाच्या त्या आठवड्याच्या पाठावर पप्पा प्रश्न विचारत आणि मोझेल उत्तरं देई. आज तिचं लक्ष नव्हतं. कायमची इस्राएलला निघालेय, हे तिला अजून सांगता आलं नव्हतं.

"वारला होता. मागच्याच पाठात वाचलं की."

"आधी लिहिलं म्हणजे आधी घडलं होय गं? वयं मोज."

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी लिहायचं नसतं, म्हणून तिने बोटांवर मोजलं. मुलगा झाला बापाच्या सत्तराव्या वर्षी, निघाला स्वतःच्या पंचाहत्तराव्या वर्षी. बाप वारला दोनशे पाचाव्या वर्षी.

"म्हणजे मुलगा गेल्यावर साठ वर्षं जगला तो," ती चपापली.

"मग मरण आधी का लिहिलं?"

"म्हाताऱ्या बापाला टाकून गेला, असं लोकांनी म्हणू नये म्हणून."

"बरोबर. आणि त्या साठ वर्षांत बापाने काय केलं?"

"लिहिलेलं नाही." तिला राहवलं नाही. "पप्पा, मी चाललेय."

"ते सारं गाव मंगळवारपासून बोलतंय," पप्पा म्हणाले. "मी साठ वर्षांचं विचारलं."