चौथं बटण

"चूक कानात सांगायची, कौतुक चारचौघांत." निवृत्त होताना थोरल्या बाईंनी एवढंच बजावलं होतं.

त्यांच्या जागी आलेल्या धाकट्या बाई ते मनापासून पाळत. कोटांच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली अकरा जणी. रोज तपासणीत एका तरी कोटाचं चौथं बटण गहूभर खाली सापडायचंच. हात ओळखीचा, बटणमावशींचा.

पहिले काही दिवस धाकट्या बाईंची जीभ अडखळे. तीस वर्षं सुई धरलेल्या बाईला आपण काय सांगणार? आता त्या मावशींच्या स्टुलाशी वाकून हळूच म्हणत, "मावशी, चौथं."

"मेली नजर!" मावशी जाड चष्मा पुसत. "तुमच्या हातून मात्र काही सुटत नाही हो."

दोघी हसत. धाकट्या बाईंनी मावशींचं स्टूल खिडकीशी हलवलं, त्यांच्या सुईत दोरा ओवून देऊ लागल्या. चहाची घंटा झाली तरी मावशी तेवढ्या उठत नसत.

"गार होतोय, मावशी."

"व्हा पुढे. माझा रोजचा नेम आहे, तो झाला की आलेच."

देवाधर्माचं काही असेल म्हणून कुणी खोदून विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळीच मालकांनी धाकट्या बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "त्या म्हातारीला घरी बसवा आता. रोज एक कोट उसवावा लागतो म्हणे."

धाकट्या बाईंनी हातातली टेप गुंडाळून टेबलावर ठेवली. "सहा महिन्यांत आपला एकही कोट परत आलेला नाही. ते बटण शोधायचं म्हणून मी प्रत्येक कोट तपासते. मावशी जाणार असतील, तर मीही जाते."

बाहेरची मशिनं थांबली. मालक टेबलावरची पट्टी उगाच सरळ करत राहिले. "अहो, मी आपलं विचारलं. राहू दे त्यांना."

त्या दिवशी चहाला मावशी सगळ्यांच्या आधी पोचल्या.

"आणि नेम?"

"पुरा झाला, बाई."

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मावशींनी चष्मा काढून पिशवीत टाकला. एका झटक्यात सुई ओवली, शेवटच्या कोटाचं चौथं बटण जागच्या जागी बसवलं आणि थोरल्या बाईंच्या घराची वाट धरली. 'पोरगी ताठ उभी राहीपर्यंत रोज एक चूक तिच्या हाती लागू द्या, आणि राहिली की मला येऊन सांगा,' असं सांगून थोरल्या बाईंनी निवृत्त होताना मावशींकडून शब्द घेतला होता.